सायकलीच्या पट्टीवरचे धान

ज्याने माणसाला चालायला पाय दिले, आणि पाय थकतील हे ठाऊक असल्यामुळे पुढे चाकाची बुद्धीही दिली, त्या दयाघनाला पहिला नमस्कार. दुसरा नमस्कार चंद्रभागाबाई साठवणे यांना. या माउलीने जन्मात कधी सायकलीवर पाय ठेवला नाही, आणि गावातल्या प्रत्येक सायकलवाल्यासाठी भांडल्यावाचून एक वर्ष रिकामे जाऊ दिले नाही. तिसरा नमस्कार आमच्या गावाला. तो मात्र कपाळावर हात मारून.

गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर नगरपालिकेची जुनी मंडळी आधी भांडायला येतील आणि मग चहा पिऊन जातील. एवढे सांगतो की गाव भंडारा जिल्ह्यातले, तुमसरच्या बाजूचे, तांदळाच्या गिरण्यांचे. धान्यबाजाराच्या चौकातून एक रस्ता निघतो, रेल्वेचे फाटक ओलांडतो आणि सिहोऱ्याच्या दिशेने जातो. सकाळी त्या रस्त्यावर गिरणीचे कामगार सायकलीने यायचे, दूधवाले यायचे, मास्तर जायचे. त्यांच्या मधून धानाच्या बैलगाड्या, आणि साऱ्यांच्या मागून भोंगा दाबत मँगनीजचे ट्रक. डांबर मध्ये, तेही अरुंद. डांबराची कड वीतभर उंच आणि बाजूची माती खाली. मागून भोंगा वाजला की सायकलवाल्याने खाली उतरायचे, आणि चाक त्या कडेवरून घसरले की देवाचे नाव घ्यायचे. नाव घ्यायला वेळ मिळाला तर.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात चंद्रभागाबाईंच्या धाकट्या मुलाला, धनीरामला, तेवढा वेळ मिळाला नाही.

घरात मोठा मुलगा वासुदेवराव उरला. त्याचा धानाचा व्यापार. आणि उरली धनीरामची बायको रुखमा. तिचे मास्तरकीचे शिक्षण लग्नाआधीच झाले होते. पुढच्या वर्षी तिला फाटकापलीकडच्या खेड्यात शाळेवर नोकरी लागली. एसटीची मोटार त्या खेड्यात पोचायची ती शाळेची घंटा होऊन गेल्यावर. तेव्हा जायचे तर सायकलीनेच जायचे, आणि त्याच रस्त्याने जायचे.

शेजारणींनी बाईंना विचारले, “अवो, ज्या सायकलीनं लेक नेला, तिच्यावर सुनेले बसवता?”

बाई म्हणाल्या, “सायकलीनं नाही नेलं बापा. रस्त्यानं नेलं. सायकल तं बिचारी त्याच्याच संग पडली होती.”

वासुदेवराव माणूस वाईट नव्हता. भाऊ गेल्यापासून त्याच्या मनात भीती घर करून बसली होती, आणि पुरुषाची भीती बहुधा हुकमाचे कपडे घालून बाहेर येते. त्याने आईला बजावून सांगितले, “जाऊ दे तिले. पण आई, एक डाव जरी पडली, तं सायकल माळ्यावर अन् मास्तरीण घरात. मंग मले काही सांगाचं नाही.”

हे त्याने आईला सांगितले, कारण रुखमाला सांगता येत नव्हते. आमच्याकडे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि धाकट्या भावाची बायको यांच्यात सरळ बोलणे नसते. दोघे एका ओसरीत बसले असले तरी शब्द आईच्या हातून जायचा आणि आईच्या हातून यायचा. रुखमा पदर सावरून सासूला म्हणाली, “मामीजी, त्यायले सांगा, पडणार नाही म्हणा. रस्त्यानं पाडलं नाही तं.”

पाहा, सारी गोष्ट इथेच ठरली. रस्त्याने पाडले नाही तर. एका विधवा पोरीची नोकरी, तिची रोजची सकाळ, फळ्यावर खडूने ओढलेले तिचे पहिले अक्षर, हे सारे डांबराच्या वीतभर कडेवर तोलून धरलेले.

आणि देवाची करणी अशी की त्याच सुमारास त्या रस्त्याचे रुंदीकरण निघाले, आणि त्याच सुमारास नगरपालिकेला कायद्यासाठी एक बाई सभासद हवी होती. अध्यक्ष कृष्णराव मोठा हसतमुख गृहस्थ. त्याने विचार केला, चंद्रभागाबाई वयाच्या आहेत, दुःखातल्या आहेत, कोपऱ्यात बसतील, सही करतील. घेतले. अरे कृष्णराव! वादळाला कोणी पाट देऊन बसवते काय?

रस्त्याचा नकाशा टेबलावर पसरला त्या दिवशी बाई कोपऱ्यातून उठल्या आणि टेबलाशी आल्या. ओव्हरसियर काठी फिरवत होता: हे डांबर, आता दुप्पट; ही नाली; ही दुकानांची हद्द.

“साहेब,” बाईंनी विचारले, “यात माणूस कुठी हाय?”

ओव्हरसियर हसला. “बाई, रस्त्याच्या नकाशात माणूस काढत नाहीत.”

“काहून? रस्ता म्हशीसाठी करून राहिले का?”

सभा हसली. कृष्णराव म्हणाला, “चंद्रभागाबाई, रस्ता दुप्पट होऊन राहिला. जागाच जागा होईन. सायकलवाले कुठूनही जातील.”

“कुठूनही म्हंजे कुठून? मले दाखवा.” बाईंनी चंची सोडली आणि सुपाऱ्या काढून नकाशावर मांडायला घेतल्या. “हा ट्रक जाते. हा तिकडून येते. ही बैलगाडी, ही तं हटतच नाही. आता ही सुपारी माझा धनीराम समजा. नाही, थांबा. धनीराम गेला, त्याची तुमाले काय भीती! हा गणपती समजा. तोच बसला सायकलीवर. ठेवा त्याले कुठी ठेवता तं.”

ओव्हरसियरने सुपारी डांबराच्या कडेला ठेवली. बाईंनी ट्रकची सुपारी पुढे सरकवली. गणपतीची सुपारी घरंगळली आणि निळ्या रेघेवर जाऊन थांबली. निळी रेघ म्हणजे नाली.

“पाहा बापा,” बाई म्हणाल्या. “गणपती गटारात गेला.”

आमच्या घरांत पाटावर मांडलेली सुपारी म्हणजे साक्षात गजानन. तिला सुपारी म्हणायचे नाही. कृष्णराव गणेशभक्त. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याने दोन्ही हातांनी ती सुपारी नालीतून उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाला, “साहेब, सायकलीसाठी एक पट्टी काढा. बाजूला. दगड लावून. ट्रकाचं चाक तिच्यावर चढलं नाही पाहिजे.”

देवाला घाबरून का होईना, गाव एकदा शहाणे झाले. पण कागदावर. जमिनीवर उतरायला त्या शहाणपणाला दोन पावसाळे लागले, आणि त्या दोन पावसाळ्यांत बाईंच्या चपला झिजल्या, जीभ मात्र झिजली नाही. पट्टी आखली, तर ठेकेदाराने गिट्टीचे ढीग पट्टीवरच टाकले. ढीग उचलले, तर दिव्याचा खांब पट्टीच्या बरोबर मधोमध उभा केला. बाई ओव्हरसियरला म्हणाल्या, “सायकलवाल्यानं का या खांबाले प्रदक्षिणा घालाची?” खांब हलला नाही. बाईंनी त्याला चुन्याचे पट्टे ओढवून घेतले. पट्टीला डांबर पुरले नाही, म्हणून मुरूम टाकला, मुरमावर पाणी मारले, पाण्यावर रोलर फिरवला. दोन्ही कडांना दगड बसवले. पट्टी कशी झाली? तळहातासारखी. सपाट, टणक, गाडीबैलाला मज्जाव, वर मोकळे ऊन.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या धानाच्या मुलखातल्या, वाचकाच्या मनात आताच धस्स झाले असेल. होऊ द्या. आम्हाला तेव्हा झाले नाही.

कार्तिक लागला होता. पट्टी खुली करायचा दिवस ठरला. धूळ बसावी आणि चार माणसांत शोभा यावी म्हणून चंद्रभागाबाईंनी आळीतल्या बाया गोळा केल्या आणि चौकापासून फाटकापर्यंत सारी पट्टी शेणाने सारवून काढली. वर रांगोळी. रुखमाच्या सायकलीच्या हँडलला हळदकुंकू. कृष्णरावाने नारळ फोडला. पहिली सायकल रुखमाची गेली, तेव्हा बाई पदराने डोळे पुशीत म्हणाल्या, “जाय माय. आता तुले कोनी खाली उतर म्हननार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर धान वाळत घातलेले होते.

चौकापासून खांबापर्यंत, खांबापासून फाटकापर्यंत, सोन्याची चादर अंथरावी तसे धान! काय म्हणावे या गावाला, देवा, काय म्हणावे! पण गावाने तरी काय करावे? ठोकून टणक केलेली जमीन, शेणाने सारवलेली, दगडांनी बांधलेली, नारळ फोडून पुजलेली: याला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव आहे, खळे. आणि नेमके कार्तिकात, जेव्हा प्रत्येक घरी ओले धान आणि प्रत्येक अंगण अपुरे! बाईंनी आपल्या हाताने, आपल्या भक्तीने, सायकलींच्या पट्टीला खळ्याची दीक्षा दिली होती.

बाई धान घालणाऱ्यांकडे घरोघर गेल्या. सगळीकडे आदराने पाट मिळाला आणि एकच उत्तर मिळाले, “बाई, तुमीच तं सारवून देल्लं!” कोणी म्हणाले, “दोन दिवसाचं काम हाय.” दोन दिवसांनी त्यांचे उचलले की शेजाऱ्याचे पडायचे. कृष्णरावाने हात जोडले, “माणूस राहिला असता तं हाकलला असता. लक्ष्मीले कसं हाकलू, बाई?”

आणि सायकलवाले? त्यांची भक्ती काय वर्णावी! पट्टीच्या तोंडाशी यायचे, उतरायचे, धानाला हात लावून तो हात कपाळी न्यायचे, आणि सायकल उचलून दगडापलीकडे, ट्रकांच्या डांबरावर ठेवायचे. अन्नावरून चाक नेणार कोण? अन्न म्हणजे देव. देवाला पाय लागेल म्हणून भ्यायचे. आपल्याला ट्रक लागेल म्हणून भ्यायचे नाहीत. पूर्वी निदान मातीत उतरायला जागा होती. आता एका बाजूला दगड होते. पट्टीने रस्ता अधिकच धोक्याचा केला.

रुखमाही उतरायची. ती बाईंचीच सून. शीतन्‌शीत वेचून खाणारी. आणि बाईंनीही तिला कधी “घाल सायकल धानावरून” म्हटले नाही. रागावल्या साऱ्या गावावर, पण तो शब्द त्यांच्याही तोंडून निघेना. त्यात फाटकाजवळचे धान कोणाचे होते? वासुदेवरावाचे. घरच्या गाडीतून आलेले, घरच्या पोत्यांतले.

“वासुदेवा, तुह्या भावाच्या नावानं मागितलेली वाट हे!”

“आई, साऱ्या गावाचं पडलं, तं माझंच काहून दिसते तुले?”

“तू माझ्या पोटचा हायस म्हनून दिसते.”

एका शनिवारी सकाळी व्हायचे ते झाले. धानाला वळसा घालून रुखमा डांबरावर आली, मागून मँगनीजच्या ट्रकाने भोंगा दिला, ती कडेला झाली आणि दगडावर आदळली. ट्रक थांबला नाही. हँडल वाकडे झाले, कोपरापासून मनगटापर्यंत कातडे सोलले. हाड वाचले. तिचा पदर ज्यावर पडला होता ते धान वासुदेवरावाचेच होते.

त्याने भाऊ आठवून दोर घेतला, सायकल माळ्याला बांधली आणि ओसरीत येऊन बसला. “आई, सांग तिले. सोमवारपासून शाळा बंद.”

रुखमा आतून, हाताला हळद लावता लावता, म्हणाली, “मामीजी, त्यायले म्हणा, हात सोलला. नोकरी नाही सोलली.”

आपणच पट्टी मागितली, आपणच सारवली, आणि त्याच पट्टीने पोरीला ट्रकापुढे ढकलले, हे बाईंना दिसत होते. रविवारी दुपारी त्या फाटकाजवळ पट्टीच्या दगडावर जाऊन बसल्या. तिथे वासुदेवरावाच्या धानावर वच्छला काम करत होती. बौद्ध वस्तीतली ही मजूरबाई. जिभेने तिखट, कामाला चोख. ती धान फिरवत होती. कसे? जसे साऱ्या बाया फिरवतात तसे. अनवाणी पायांनी. पाऊल न उचलता, पाय धानातून ओढत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागे धानात चर पडत जातो, खालचा दाणा वर येतो, वरचा खाली जातो.

बाई बराच वेळ त्या पायांकडे पाहत राहिल्या.

“वच्छला, तुह्ये पाय लागून राहिले न वो धानाले.”

वच्छला थांबली. “मंग? पाय लावल्याबिगर वाळते का बाई? आमी तं रोपापासून पायच लावून राहिलो त्याले. चिखलात पाय, मळणीत पाय, आता वाळवाले पाय. पाप लागाचं असतं तं आतापर्यंत आमच्या वस्तीत एक बाई जित्ती राहती नाही.”

“अन् चाक?”

“चाकाचं मले काय माईत? मले कोनं सायकल देल्ली?” वच्छला हसली आणि पुन्हा पाय ओढू लागली.

मायबापहो, हे ज्ञान काही नवे नव्हते. बाईंनी स्वतः जन्मभर असेच धान फिरवले होते. डोळ्यांपुढे असलेलेच माणसाला सर्वांत शेवटी दिसते. पाय लागल्याने लक्ष्मी रुसत नाही. ती रुसते मस्तीने लावलेल्या पायावर, चपलेच्या पायावर. कामाचा अनवाणी पाय हीच तिची पूजा. मग शाळेला निघालेल्या मास्तरणीचे चाक हे कामाचे नव्हे काय?

सोमवारी सकाळी बाईंनी माळ्याचा दोर सोडला. सायकल खाली घेतली, हँडल गुडघ्यात धरून होते तेवढे सरळ केले. रुखमाला म्हणाल्या, “चाल.”

पट्टीच्या तोंडाशी नेहमीची गर्दी होती. गिरणीचे कामगार सायकली उचलून डांबरावर ठेवत होते. बाईंनी चपला काढल्या आणि हातात घेतल्या. “तूही काढ.”

“मामीजी, खाली लक्ष्मी हाय.”

“लक्ष्मीच हाय. घरच्या लक्ष्मीले वाट देते का नाही, तिलेच विचारू.”

बाई वाकल्या. मूठभर धान उचलले, कपाळाला लावले, परत ठेवले. ओठ हलले, काय म्हटले ते त्यांना आणि अन्नपूर्णेलाच ठाऊक. मग वच्छला चालत होती तशा, पाय न उचलता, पाय ओढत, त्या धानातून चालू लागल्या. मागे चर पडत गेला. त्या चरात रुखमाने चाक घातले. अनवाणी पायांनी ती पायडल मारू लागली. पुढे म्हातारी, मागे सायकल, दोन्ही बाजूंना धान बाजूला सरत होते.

कामगार पाहत राहिले. मग एकाने चपला काढून हँडलला अडकवल्या. मग दुसऱ्याने. मग दूधवाल्याने. चपला लटकवलेल्या सायकलींची ती रांग धानातून गेली आणि एकही घंटी वाजली नाही.

फाटकाजवळून वासुदेवराव धावत आला. “आई! आई, काय करून राहिली? दाणा फुटते! साऱ्याची कणी होईन!”

बाई थांबल्या नाहीत. “कणी होईन तं खीर करू. हाड फुटलं तं त्याचं काय करशीन?”

“पण आई...”

“धनीरामचं काय केलं आपण? सांग नं. काय केलं?”

वासुदेवराव तिथेच उभा राहिला. रुखमाची सायकल त्याच्यासमोरून गेली; वाकडे हँडल, हळदीचा हात. सायकल फाटकापार गेल्यावर त्याने धानावर कामाला आलेल्या वच्छलाच्या हातातले लाकडी फावडे घेतले आणि आपले धान ओढायला लागला.

दुपारपर्यंत सारी पट्टी मोकळी झाली. आता हे भक्तीने झाले असे लिहिण्याचा मोह होतो. पण देवासमोर खोटे लिहू नये. कणीने झाले. फुटलेल्या दाण्याला गिरणीवर कोणी विचारत नाही, हे कळताच ज्यांना लक्ष्मी हाकलता येत नव्हती त्यांनी तिला पोत्यांत भरून पाठीवर घरी नेले. इतक्या दिवसांची श्रद्धा एका सकाळीत उचलली गेली.

आणि पुढल्या कार्तिकात? काय विचारता! पुन्हा धान. पुन्हा बाई, पुन्हा चपला हातात, पुन्हा तीच अनवाणी रांग, पुन्हा “अरे कणी होते!” दरसाल गाव नव्याने विसरायचे आणि दरसाल बाई नव्याने चिडायच्या. पट्टीचे काही दगड ट्रकांनी फोडले, काही लोकांनी चूल मांडायला नेले. खांब अजून मधोमध उभा आहे. चौऱ्याऐंशीपर्यंत एवढाच बदल झाला की धान घालणारे मधून एक वाट सोडू लागले, सायकलीच्या हँडलापुरती. तिच्यासाठी गावाने सभा घेतली नाही, ठराव केला नाही. चिडक्या म्हातारीला कंटाळून गाव तेवढे सरकले.

शेवटचे जे आठवते ते सांगतो. त्याच सालच्या कार्तिकात एका सकाळी फाटकाजवळ वासुदेवराव आपले धान सारखे करत होता आणि बाई दगडावर बसून होत्या. धानातली वाट त्याच्या फावड्याने जरा बुजली होती. रुखमा आली, उतरली, उभी राहिली. वासुदेवराव धानाकडे पाहून म्हणाला, “आई, तिले सांग, दुरूनच घंटी वाजवत जाय म्हणा. म्हंजे मी ओढून घेतो.”

रुखमा चाकाकडे पाहून म्हणाली, “मामीजी, त्यायले सांगा, वाट सोडूनच टाका म्हणा. म्हंजे घंटी वाजवा नाही लागत.”

“अन् दाणा सांडते तो कोन उचलन, विचार तिले.”

“कोनी टाकला, ते विचारा त्यायले.”

चंद्रभागाबाईंनी एकाकडे पाहिले, दुसरीकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. “अरे, मी का रेल्वेचं फाटक हावो तुमच्या दोघाईचं? एकाले सोडू, एकाले अडवू! बोला नं सरळ! शाळेची घंटा होऊन राहिली तिची!”

वासुदेवरावाने फावडे फिरवले. धान बाजूला झाले, वाट उघडली. त्याने मान वर न करता म्हटले, “जाय बाई. उशीर होते.”

ती या घरात आल्यापासून त्याने तिला सरळ म्हटलेले ते पहिले वाक्य. रुखमाने चपला हँडलला अडकवल्या, अनवाणी पाय पायडलवर ठेवला आणि ती शाळेला गेली.